आमचा पैलवान विकणे आहे

"बाबा, लिलावात टाकू या," असं चिरंजीव म्हणाले तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता. तो फुटला नाही याचं श्रेय माझ्या संयमाला नाही. कप स्टीलचा होता.

लिलावात टाकायचं ते मला नव्हे, माझ्या गाडीला. पण आमच्या घरात गेली पन्नास वर्षं गाडीचा आणि माझा उल्लेख एकाच सुरात होत आला आहे. "दोघंही सकाळी लवकर सुरू होत नाहीत," हे सौ.चं वाक्य आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं ऐकलेलं आहे. तेव्हा लिलावाचं नाव निघताच मला स्वतःलाच कुणीतरी चौथऱ्यावर उभं केल्यासारखं वाटलं, यात नवल नाही.

गाडी म्हणजे १९६८ ची पाँटिॲक जीटीओ. इकडे अमेरिकेत अशा गाड्यांना मसल कार म्हणतात. मी आपला 'पैलवान' म्हणतो. पैलवान तयार करण्याची कृती सोपी. मध्यम आकाराची, बायकामुलांना घेऊन रविवारी चर्चला जाणारी गरीब गाय घ्यायची आणि तिच्या पोटात ट्रकला शोभेल असं इंजिन बसवायचं. जनरल मोटर्स कंपनीचा तेव्हा नियम होता, की मध्यम गाडीत ठरावीक मापापेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पाँटिॲकचे जॉन डिलोरियन आणि त्यांच्या साथीदारांनी १९६४ च्या मॉडेलात यातून पळवाट काढली. नियम गाडीला आहे ना? मग इंजिन गाडीबरोबर द्यायचंच नाही; गिऱ्हाईकानं जादा पैसे देऊन मागितलं तर बसवायचं! सरकारी कचेरीत उमेदवारी केल्याशिवाय अशी बुद्धी सुचत नाही असं मला वाटत असे, पण ती डेट्रॉईटलाही सुचते. पाच हजार खपल्या तरी पुष्कळ असा कंपनीचा हिशेब होता. पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांच्या वर खपल्या.

माझ्या गाडीचं इंजिन ४०० घनइंचांचं, म्हणजे साडेसहा लिटरचं. मुंबईतली जुनी फियाट एका लिटरच्या जराशी वर. म्हणजे माझ्या बॉनेटखाली सहा फियाटी एकदम गुरगुरतात. अमेरिकन लोक जीटीओला लाडानं 'गोट' म्हणतात. पैलवानाला बोकड म्हणणाऱ्या माणसांशी मी वाद घालत नाही.

मी १९७१ साली शिकायला म्हणून डेट्रॉईटला आलो आणि शिक्षण संपल्यावर जायचं राहून गेलं. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल अडवलं. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि गॅलनला चाळीस सेंटांच्या आसपास मिळणारं पेट्रोल पन्नासच्या वर गेलं. विम्याच्या हप्त्यांनी आणि धुराच्या कायद्यांनी पैलवान आधीच खंगले होते. तेलानं त्यांना आडवंच केलं. १९७४ च्या मार्चमध्ये आमच्या गल्लीतल्या एका फोरमनला कारखान्यानं घरी बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या गाडीच्या काचेवर पाटी लागली: विकणे आहे, ७०० डॉलर.

मी घासाघीस करायच्या तयारीनं गेलो. त्या माणसानं मला दोन तास गाडी दाखवली. कुठे गंज धरतो, कुठला दरवाजा उचलून लावावा लागतो, तिसऱ्या गिअरला काय म्हणावं लागतं, सगळं. मग म्हणाला, "थंडीत सुरू करताना पेडलवर तीनदा पाय दे. चौथ्यांदा देऊ नकोस." ६५० डॉलरला सौदा झाला. किल्ली देताना त्यानं तोंड फिरवलं. तो तीनदाचा मंत्र मी पन्नास वर्षं पाळला आहे. इतर कुठल्याही मंत्राच्या बाबतीत मला असं सांगता येणार नाही.

आता मी सत्याहत्तर वर्षांचा आहे. क्लच दाबला की गाडीआधी माझा गुडघा वाजतो. "आपण असताना चांगल्या घरी द्या," असं सौ. म्हणाली. मुलीचं लग्न जमवताना तिनं हेच वाक्य वापरलं होतं. तेव्हा द्यायचं ठरलं. कसं द्यायचं यावर मात्र घरात दोन पक्ष पडले.

चिरंजीवांच्या पक्षाकडे आकडे होते. त्यांच्या पिढीकडे नेहमी आकडे असतात. "बाबा, 'बुलिट' सिनेमातली स्टीव्ह मॅक्वीनची मस्टँग. जानेवारी २०२०, फ्लोरिडात किसिमीचा मीकमचा लिलाव. हातोडा पडला ३४ लाख डॉलरवर!"

"आणि त्या माणसानं ती घेतली होती कुठे?" मी विचारलं.

चिरंजीव गप्प बसले, कारण ही गोष्ट मला पाठ आहे. ती मस्टँग न्यू जर्सीच्या रॉबर्ट कीर्नन नावाच्या गृहस्थांनी १९७४ साली मासिकातली छोटी जाहिरात वाचून घेतली होती, सुमारे सहा हजार डॉलरला. मी माझा पैलवान घेतला त्याच साली! त्यांच्या पत्नी ती गाडी घेऊन शाळेत शिकवायला जात. १९७७ साली खुद्द मॅक्वीननं पत्र लिहून गाडी परत मागितली, आणि या गृहस्थांनी दिली नाही. खाजगी व्यवहाराचं पहिलं सौंदर्य हे, की त्यात 'नाही' म्हणता येतं, आणि तेही स्टीव्ह मॅक्वीनला.

शिवाय चिरंजीवांनी आकडा अर्धाच सांगितला होता. हातोडा पडला ३४ लाखांवर, पण घेणाऱ्यानं मोजले ३७ लाख ४० हजार. मधले ३ लाख ४० हजार लिलाववाल्यांची दस्तुरी. सेहेचाळीस वर्षं ती गाडी ज्या कुटुंबानं सांभाळली, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण लाकडाचा एक ठोकळा एकदा आपटण्याचे ३ लाख ४० हजार डॉलर? आमच्या गावच्या सुताराचा मुलगा दिवसभर ठोकत असे.

माझा लिलावावर राग आहे तो मात्र या आकड्यामुळे नाही. तो फार जुना आहे, आणि त्याचा उगम डेट्रॉईटात नसून लासलगावात आहे.

आमचं गाव निफाड तालुक्यातलं. लहानपणी वडिलांबरोबर कांद्याच्या गाडीवर बसून मी लासलगावच्या बाजारात जात असे. बैलगाडीनं तीन तास. तिथे गाड्यांची ओळ लागे आणि व्यापाऱ्यांचा घोळका गाडीमागून गाडी बघत पुढे सरके. एकजण मूठभर कांदे उचले, दोन दाबी, एक परत फेकी. पुकारा होई. चार महिन्यांच्या राबणुकीचा निकाल मिनिटभरात लागे. वर अडत, हमाली, तोलाई कापली जाई ती वेगळीच. भाव पटला नाही तर नाही म्हणायचा हक्क वडिलांना होता. कायद्यानं होता. पण नाही म्हणून करणार काय? तीन तासांचा परतीचा रस्ता, थकलेले बैल, आणि सडू लागलेला कांदा. वडील व्यापाऱ्याकडे बघत, मग बैलांकडे बघत आणि मान डोलावत.

तेव्हा मला जे समजलं ते पुढे अभियांत्रिकीच्या दोन पदव्यांनीही बदललं नाही. लिलावात भाव मालाला मिळत नाही. माल परत घरी नेण्याची ज्याची ताकद असते, त्याला मिळतो.

(आता २०१६ साली महाराष्ट्र सरकारनं भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. अमेरिकेतले गाड्यांचे लिलाववाले याच्याही पुढे गेलेले आहेत. ते बहुधा दोघांकडूनही घेतात.)

पण लोकशाही घरात बापाला एकच मत असतं. सूनबाईंनी मुलाच्या बाजूनं हात वर केला, सौ. तटस्थ राहिली, आणि गेल्या वर्षी मार्चमध्ये आमचा पैलवान ट्रेलरवर चढून दुसऱ्या राज्यातल्या एका लिलावाला निघाला. लिलावाचं नाव सांगत नाही. नाव सांगायला ते वाईट होते असंही नाही. सगळे असेच असतात हाच तर माझा मुद्दा आहे.

नावनोंदणीला एक तरुण मुलगा बसला होता. त्यानं पहिलाच प्रश्न टाकला, "मॅचिंग नंबर्स?"

हे मॅचिंग नंबर्स म्हणजे आपल्याकडची पत्रिका. कारखान्यात गाडी जन्माला आली तेव्हा तिच्यात जे इंजिन होतं तेच आज आहे का, हे इंजिनावर ठोकलेल्या आकड्यांवरून पाहतात. जुळले तर छत्तीस गुण. नाही जुळले तर मुलगी कितीही देखणी असो, मंडळी पोहे खाऊन उठतात.

आमचा मंगळ कडक आहे. १९७९ साली शिकागोच्या गणपतीला जाताना मूळ इंजिन वाटेतच कैलासवासी झालं. मी भंगारातून त्याच मापाचं, पाँटिॲकचंच दुसरं इंजिन दीडशे डॉलरला आणून बसवलं आणि मूळचं त्याच भंगारवाल्याला अकरा डॉलरला दिलं. आज तेच मूळ इंजिन हाताशी असतं तर गाडीच्या किमतीत काही हजारांचा फरक पडला असता. भंगारवाल्याला गणपती पावला, एवढंच म्हणायचं.

हे सगळं मी त्या मुलाला सविस्तर सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि लिहिलं: "इंजिन मूळचं नाही." खोटं काही नव्हतं. पण माझ्या पंचेचाळीस वर्षांच्या गोष्टीतून त्यानं तीन शब्द ठेवले होते, आणि नेमके तेच तीन शब्द चौथऱ्यावर गाडी चढताना मोठ्यानं वाचले गेले.

इथे मला लिलावावरचा दुसरा आरोप ठेवायचा आहे. दोन-तीन मिनिटांच्या त्या खेळात खऱ्याला बोलायला वेळ नसतो आणि खोट्याला विचारायला कुणी नसतं. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या एका दंतवैद्यांनी अशाच एका लिलावात १९७० ची शेव्हरोले शेव्हेल 'एसएस' घेतली. लाल रंग, काळे पट्टे, चारी बाजूंनी 'एसएस'ची पदकं. आता त्या साली साध्या आठ सिलिंडरच्या मालिबूचा आणि एसएसचा गाडी क्रमांक एकाच धाटणीचा असे. क्रमांकावरून कुळी कळत नाही. पदकं दुकानात मिळतात. खरं काय ते कारखान्याचे कागदच सांगतात. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पेट्रोलची टाकी दुरुस्तीला उतरवली, तर टाकीच्या वर कारखान्याचा मूळ कागद चिकटलेला मिळाला. असे कागद तिथे सापडतात, आणि तो सापडला म्हणून हौशी लोक पेढे वाटतात. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं होतं: मालिबू, हिरवा रंग, ३०७ चं सर्वांत छोटं आठ सिलिंडरचं इंजिन. म्हणजे पैलवान म्हणून घरी आणले आणि निघाले शाळामास्तर!

डॉक्टर तणतणत लिलाववाल्यांकडे गेले. त्यांनी नियमांचा कागद दाखवला: माल आहे तसा, आहे तिथे, वर्णन विक्रेत्यानं दिलेलं, आमची हमी नाही. एरवी लोकांना बेसावध गाठून दाढ उपटणारा माणूस त्या दिवशी स्वतः खुर्चीत बसला होता.

तर आमचा दिवस. लिलावाला सुरेख वेळ एकच, शनिवारची संध्याकाळ. तेव्हा दिवे लागलेले असतात, टीव्हीवाले आलेले असतात, आणि बोली लावणाऱ्यांच्या पोटात तिसरा ग्लास गेलेला असतो. ती वेळ लाखांच्या गाड्यांना. आमचा नंबर लागला गुरुवारी सकाळी पावणेअकराला. हजर मंडळींपैकी निम्मी कॉफीच्या रांगेत होती. समोर हॉट डॉग खाणारी एक शाळेची सहल होती. त्यांनी मात्र गाडीला टाळ्या वाजवल्या.

एक गैरसमज इथेच दूर करतो. लिलावात डोकं खाजवलं तर गाडी गळ्यात पडते असं म्हणतात, ते खोटं आहे. बोली लावायला आधी नाव नोंदवावं लागतं, बँकेचं पत्र द्यावं लागतं, नंबर घ्यावा लागतो. सौ. मात्र दोन दिवस हात मांडीखाली घेऊन बसली होती.

पुकारणारे गृहस्थ फार वाकबगार. त्यांच्या तोंडून शब्द असे सुटत होते की एखाद्यानं हरिपाठ उलटा आणि दुप्पट वेगानं म्हणावा. अठरा हजार, वीस, बावीस. या बोलीतली प्रत्येक बोली माणसाचीच असते असंही नाही. राखीव किमतीच्या खाली असेपर्यंत विक्रेत्याच्या वतीनं पुकारणाऱ्यानंच बोली चढवायची मुभा नियमांत छापलेली असू शकते. इकडे तिला झुंबराची बोली म्हणतात, कारण पुकारणारा छताकडे बोट दाखवतो आणि तिथे झुंबराखेरीज कुणी नसतं. आमच्या मांडवात झुंबरही नव्हतं.

साडेचोवीसवर गाडी अडली. माझी राखीव किंमत होती बत्तीस. तेवढ्यात छातीवर बिल्ला लावलेला एक उंच माणूस आला आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, राखीव किंमत उचला. 'आता ही जाणारच' असं म्हटलं की बोली पेटते. एवढ्या लांब आलात, परत नेणार का?"

एवढ्या लांब आलात, परत नेणार का! मराठीत बोलला असता तर मी त्याला लासलगावचाच समजलो असतो.

मी गाडीकडे बघितलं. माझी मान डोलायच्या बेतात होती, खोटं कशाला सांगू? दोन रात्रींचं हॉटेल झालं होतं, ट्रेलरचं भाडं झालं होतं, सगळे माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात सौ. म्हणाली, "अहो, मामंजींचे कांदे सडत होते. तुमची गाडी सडत नाही. नाही म्हणा."

मी नाही म्हटलं. पुकारणाऱ्यानं अर्धा श्वासही न घेता पुढची गाडी बोलावली. प्रवेश फी, ट्रेलरचं जाण्यायेण्याचं भाडं आणि हॉटेल मिळून त्या एका 'नाही'ला अठराशे डॉलर पडले. पण वडिलांच्या वतीनंही म्हटलं, असं धरलं तर महाग नाही.

आता खाजगी विक्री म्हणजे नंदनवन आहे असं मी म्हणणार नाही. घरी येऊन मी काचेवर पाटी लावली आणि जाहिरात दिली, तेव्हा कांदेपोह्यांचा कार्यक्रम सुरू झाला तो पाच आठवडे चालला. पहिला आला तो चाकाला लाथ मारून गेला. इकडे बघ्यांना चाक-लाथे असंच नाव आहे. हा शब्दशः तसाच निघाला. दुसऱ्यानं गाडीच्या बदल्यात मोटारबोट देऊ केली. तिसरा तीन तास बसला, स्वतःच्या तरुणपणीच्या जीटीओबद्दल बोलला, रडला, आणि पोहे आवडले म्हणून गेला. चौथ्यानं गाडी न पाहताच जास्त रकमेचा बँकेचा चेक पाठवतो, वरचे पैसे 'माझ्या वाहतूकदाराला' द्या, असं कळवलं. ही जुनी लबाडी आहे. चेक खोटा असतो आणि वरचे पैसे मात्र खरे, आपले असतात. तेव्हा खाजगीवाल्यांनी एक नियम पाळावा: पैसे घेणाऱ्याच्या बँकेत, घेणाऱ्यासमोर मोजावेत, आणि तोवर मालकीच्या कागदावर सही करू नये.

पाचवा आला तो स्कूलबस दुरुस्त करणारा मेकॅनिक. चाळिशीचा, अबोल. आल्याआल्या त्यानं खिशातून लोहचुंबक काढलं आणि रुमालात गुंडाळून गाडीच्या अंगावरून फिरवलं. जिथे पत्रा असतो तिथे चुंबक चिकटतं. जिथे गंज झाकायला लांबी भरलेली असते तिथे ते घसरतं. मागच्या डाव्या चाकाच्या वर ते घसरलं. पन्नास वर्षं मी ती गाडी धूत होतो, मला पत्ता नव्हता! फोरमनचं काम असणार. त्यानं सगळं सांगितलं होतं, एवढं सोडून.

मग हा गृहस्थ पाठीवर झोपून अर्धा तास गाडीखाली होता. बाहेर आला तो डोक्यात पानं घेऊन. मी त्याला इंजिनाची शिकागोची गोष्ट सांगितली, गणपतीसकट. लिलावात जे तीन शब्द फाशीचे ठरले होते, त्यावर हा खळखळून हसला. "म्हणजे मला ही चालवता येईल," तो म्हणाला. "आकडे जुळणारी गाडी घेतली असती तर बायकोनं काचेच्या कपाटात ठेवायला लावली असती." तो तीनदा आला. एकदा बायकोला घेऊन, एकदा बापाला घेऊन. आमच्या मुलीला पाहायला आले होते ते लोकसुद्धा दोनदाच आले होते.

मी तेहतीस हजार मागितले होते. लांबीचे दीड हजार कमी झाले. एकतीस हजार पाचशेला, बँकेच्या काउंटरवर, हातात हात देऊन सौदा झाला.

आता चिरंजीवांसाठी हिशेब. मी लिलावाच्या करारावर सही केली होती त्यात विक्रेत्याकडून शेकडा आठ आणि घेणाऱ्याकडून शेकडा दहा होते. माझ्या हातात एकतीस हजार पाचशे पडायला तिथे बोली चौतीस हजारांच्या वर जायला हवी होती, आणि त्या मेकॅनिकला साडेसदतीस हजारांहून जास्त मोजावे लागले असते. म्हणजे मला एक सेंटही जास्त न मिळता त्याचे सहा हजार गेले असते. कशाचे? तर आम्हा दोघांची गाठ पडू नये, याचे.

प्रतिपक्षाचं जे खरं आहे ते मान्य करायला मी तयार आहे. १९७१ ची प्लिमथ हेमी कुडा, उघड्या टपाची, कारखान्यातून जेमतेम अकरा निघाल्या. २०१४ साली सिएटलच्या लिलावात त्यातली एक ३५ लाख डॉलरला गेली. तुमच्याकडे ती असेल तर खुशाल लिलावात न्या. काचेवर पाटी लावून ती विकायला बसलात तर चाक-लाथे अंगण खणून काढतील. वारसांत भांडण असेल, मालक गेलेला असेल आणि कुणालाच गाडीतलं कळत नसेल, तरी लिलाव बरा. निदान सगळ्यांदेखत किंमत ठरते. पण १९६८ साली जीटीओ निघाल्या सत्याऐंशी हजार! सत्याऐंशी हजारांतल्या एकाला स्वयंवर कशाला हवं? त्याला पोहेच बरे.

"मग निदान इंटरनेटवरचा लिलाव?" चिरंजीवांनी शेवटचा बाण काढला. तिथे आठवडाभर बोली चालते, शेकडो फोटो असतात, कुणीही प्रश्न विचारू शकतो, दस्तुरीही कमी. हे मला मान्य आहे. लासलगावात आठवडाभर बोली चालती आणि कांदा तोवर सडत नसता, तर आमच्या गावात माडीची घरं जास्त असती. पण फोटोला चुंबक चिकटत नाही. आणि फोटोतल्या गाडीखाली कुणी झोपत नाही.

"तरी बाबा, टेबलावर दोन-तीन हजार सोडलेतच तुम्ही," चिरंजीव म्हणाले.

सोडले असतील. त्या फोरमननंही माझ्यासाठी पन्नास सोडले होतेच.

किल्ली देताना मी त्या मेकॅनिकला सांगितलं, "थंडीत तीनदा पाय दे. चौथ्यांदा देऊ नकोस." तो म्हणाला, "माहीत आहे." मग थांबून म्हणाला, "पण सांगितलंत ते बरं केलंत." मी तोंड फिरवलं. गाडीचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू आला. सहा फियाटी असल्यामुळे त्यापुढेही बराच वेळ आला.

गॅरेजमध्ये आता बरीच जागा झाली आहे. सौ.नं तिथे फळ्या टाकून घेतल्या आणि दुकानातून वीस पौंड कांद्याचं पोतं आणून ठेवलं. मी भाव विचारला नाही. विचारला असता तर ती सांगती, आणि मग मला वडिलांना तेव्हा काय मिळाला होता तो आठवला असता.